वाचक विचारतात : घरचे मक्याचे मफिन

मक्याच्या मफिनबद्दल सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे : कृती तंतोतंत पाळली, तरी बिघडलं. राग ओव्हनवर निघतो, पण घोळ बऱ्याचदा पिठातच असतो. कोणतं पीठ घेतलं, किती बारीक दळलं, भिजू दिलं की नाही, या तीन गोष्टींवर निम्मं काम अवलंबून असतं. म्हणून पिठाच्या प्रश्नांना जागा जास्त दिली आहे.

खालच्या उत्तरांत 'मूळ प्रमाण' म्हटलं आहे ते १२ मफिनचं असं : मक्याचं पीठ १३० ग्रॅम, मैदा १२५ ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम, बेकिंग पावडर २ छोटे चमचे, खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, दाट ताक २४० मिलिलिटर, अंडी २, वितळवलेलं बटर ७५ ग्रॅम. छोटा चमचा ५ मिलिलिटरचा, मोठा १५ चा, दोन्ही सपाट. ताक म्हणजे जेवणावर पितो ते पातळ ताक नव्हे. १६० ग्रॅम दह्यात ८० मिलिलिटर पाणी घालून घुसळलेलं. बटर खारं असेल तर मीठ निम्मं. मक्याचं पीठ ताकात २० मिनिटं भिजवायचं, मग त्यात अंडी, साखर आणि कोमट बटर फेटायचं. मैदा, पावडर, सोडा, मीठ वेगळं चाळून त्यावर घालायचं आणि उलथन्यानं खालून वर घेत १२ ते १५ वेळांत कालवणं संपवायचं. साचे पाऊण भरून २०० अंश सेल्सिअसवर १६ ते १८ मिनिटं भाजायचं.

प्रश्न : पाकिटावर मक्याचं नाव पाहून पीठ आणलं. मफिन पांढरेफटक झाले, वरून कडक आणि आतून घशात अडकणारे. मक्याचा वासही नाही. काय चुकलं? (जुळे सोलापूर)

तुम्ही कॉर्नफ्लोअर आणलंत. आपल्याकडे या नावानं मिळतं ते मक्याचं नुसतं स्टार्च, म्हणजे मंचुरियनला किंवा सूपला दाटपणा आणायला वापरतो ते. दाण्यातलं तेल, प्रथिनं, रंग, कोंडा सगळं काढून उरलेला तो भाग आहे. मफिनला हवं ते सबंध दाणा दळलेलं पिवळं पीठ. ओळखायला सोपं : चिमूटभर पीठ दोन बोटांत दाबा. स्टार्च असेल तर बोटांत करकरतं आणि खडूसारखं लागतं. मक्याचं पीठ किंचित रवाळ, पिवळसर आणि वासाला गोडूस असतं.

दुकानात मागतानाही घोटाळा होतो. सोलापुरात गिऱ्हाईक तीन भाषांत बोलतं. कानडीत जोळ म्हणजे ज्वारी आणि मेक्केजोळ म्हणजे मका. तेलुगूत जोन्नलू म्हणजे ज्वारी आणि मोक्कजोन्नलू म्हणजे मका. अर्धा शब्द ऐकून ज्वारीचं पीठ बांधून दिलं जाऊ शकतं. पुडी घरी आणण्याआधी रंग पाहून घ्या.

प्रश्न : मका गिरणीतून दळून आणायचा आहे. कोणता घ्यावा, कसा दळावा, किती दिवस टिकतो? (बाळे)

आधी मका कोणता घेऊ नये ते सांगतो, कारण ते जिवावरचं आहे. पेरणीसाठी आणलेलं बियाणं उरलं म्हणून कधीही दळू नका. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं. दाण्यावर गुलाबी, लाल किंवा हिरवट रंग असतो तो त्याचाच. धुऊन ते जात नाही. दुसरं, ज्या दाण्याच्या टोकाशी काळपट, हिरवट बुरशी आहे किंवा पोत्याला कुबट वास येतो तो मका फेकून द्या. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ओव्हनच्या उष्णतेनं ते नष्ट होत नाही. 'भाजल्यावर काय राहतंय' असं म्हणून चालवून घेऊ नका.

धान्याच्या दुकानातून खाण्याचा पिवळा मका निवडून घ्या, दोन दिवस कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. चेपला गेला तर अजून ओल आहे. असा मका पाट्यांना चिकटतो आणि पीठ गरम होऊन गोळे होतात.

गिरणीत दोन गोष्टी सांगा. एक, मका ज्वारीपेक्षा टणक असतो, म्हणून आधी भरडून मग दळून द्या. दुसरी, तुमच्या आधी कोणाचं दळण झालं ते विचारा. ज्वारीनंतर दळलं तर बिघडत नाही, पहिलं ओंजळभर पीठ वेगळं काढलं की झालं. मिरची किंवा हळद दळणाऱ्या गिरणीत मका मुळीच देऊ नका. दोन किलोंपेक्षा कमी दळण दिलं तर पाट्यांत अडकून बरंच वाया जातं.

घरी आणल्यावर पीठ लगेच डब्यात भरू नका. ते गिरणीतून गरम येतं. कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्या. मग पिठाच्या चाळणीनं चाळा. खाली पडेल ते बारीक पीठ. वर राहील त्यात रवा आणि कोंडा एकत्र असतो. सुपात पाखडलं की हलका कोंडा पुढे जातो आणि पिवळा रवा मागे राहतो. हा रवा टाकू नका. मूळ प्रमाणातल्या १३० ग्रॅमपैकी ९० ग्रॅम पीठ आणि ४० ग्रॅम रवा घेतलात, तर मफिनला जो रवाळ, मोकळा पोत हवा असतो तो नेमका मिळतो. सगळंच बारीक पीठ घेतलं तर मफिन केकसारखा होतो, सगळा रवा घेतला तर भुगा.

टिकण्याचं म्हणाल, तर सबंध दाण्याच्या पिठात अंकुराचं तेल असतं आणि ते खवट होतं. सोलापुरात पारा चाळिशीच्या वर गेला की बाहेर ठेवलेलं पीठ दोन-तीन आठवड्यांत कडवट लागू लागतं. हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये दोन महिने चांगलं राहतं. वापरण्याआधी चिमूटभर जिभेवर ठेवून पाहा. कडवटपणा साखरेनं झाकत नाही.

प्रश्न : चव छान, रंग छान, पण खाताना दाताखाली कचकच लागते. घरातले म्हणतात, वाळू आहे का? (भवानी पेठ)

वाळू नाही, कोरडा राहिलेला मका आहे. गव्हाचा कण पाणी पटकन पितो, मक्याचा कण सावकाश. सगळं एकदम कालवून लगेच ओव्हनमध्ये घातलं, तर १८ मिनिटांत मैदा शिजून मोकळा होतो आणि मक्याचा कण मधोमध कच्चाच राहतो.

म्हणून ताकात भिजवणं ही पायरी गाळू नका. बारीक पिठाला २० मिनिटं, रवा मिसळला असेल तर ४० ते ४५. घाई असेल तर ताक अगदी कोमट करा, पण कढवू नका, फाटेल. भिजल्यावर चमचा फिरवा : सुरुवातीला ताक वर आणि पीठ तळाशी असं असतं, नीट भिजलं की दोन्ही एकजीव होऊन सरबरीत होतं, बोटांत चोळलं तर कण चुरडतो. तो चुरडेपर्यंत थांबा.

भिजवताना त्यात फक्त मका आणि ताक. मैदा त्यात भिजत ठेवला तर तो चिवट होतो. सोडा घातला तर ताकाच्या आंबटपणाशी त्याची क्रिया लगेच होते आणि ओव्हनमध्ये जाईपर्यंत बुडबुडे संपतात. मका-ताक आदल्या रात्री भिजवून फ्रिजमध्ये ठेवलंत तरी चालतं, उलट पोत आणखी मऊ येतो. फक्त सकाळी अर्धा तास बाहेर ठेवा. गार ताकात वितळलेलं बटर घातलं की ते थिजून दाणे होतात, आणि मग मफिनच्या तळाशी तुपकट चट्टे दिसतात.

प्रश्न : पिवळा रंग यावा म्हणून पाव चमचा हळद घातली. मफिनवर तांबूस-तपकिरी डाग आले आणि आतही लालसर झाला. हळद भेसळीची होती का? (मोहोळ)

हळदीला दोष देऊ नका. हळद अल्कलीत लाल होते. हळदीचा डाग साबणानं धुताना कापड लाल होतं, तेच इथं झालं. तुमच्या मिश्रणात सोडा जास्त झाला, किंवा ताक गोड होतं, त्यामुळे सोडा पुरता खर्ची पडला नाही. डाग ठिपक्यांसारखे असतील तर सोड्याच्या गुठळ्या राहिल्या होत्या. असा मफिन तोंडात किंचित साबणासारखाही लागतो.

पाव छोट्या चमच्याच्या वर सोडा घालू नका, मैद्याबरोबर दोनदा चाळा आणि दही आंबट घ्या. खरं तर हळद घालूच नका. चांगल्या पिवळ्या मक्याला स्वतःचा रंग असतो, आणि हळदीची चव मक्याच्या गोडूस चवीवर चढून बसते.

प्रश्न : आमच्याकडे अंडं चालत नाही. नुसतं अंडं वगळून केले तर मफिन हातात धरताच चुरा झाला. (पंढरपूर)

मक्यात ग्लूटेन नाही, म्हणजे गव्हाच्या पिठासारखी ताण धरणारी जाळी त्यात होत नाही. मूळ प्रमाणात ती जबाबदारी मैदा आणि अंडी मिळून पेलतात. अंडी काढली की मैद्यावर भार येतो, म्हणून त्याचा वाटा वाढवावा लागतो.

बिनअंड्याचं प्रमाण असं घ्या : मक्याचं बारीक पीठ १०० ग्रॅम, मैदा १५५ ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम, घट्ट आंबट दही २४० ग्रॅम, दूध १०० ते १२० मिलिलिटर, तेल ८० मिलिलिटर, बेकिंग पावडर २ छोटे चमचे, सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा. इथं सोडा जास्त चालतो, कारण दहीही जास्त आहे. यात रवा वापरू नका. मका दही-दुधात ३० मिनिटं भिजवा. मिश्रण भज्याच्या पिठापेक्षा थोडं घट्ट हवं; चमचा उलटा केला की गोळा अडखळत पडला पाहिजे.

भाजायला १९० अंशांवर २० ते २२ मिनिटं लागतील. साच्यातून काढायची घाई करू नका. बिनअंड्याचा मफिन गरम असताना फार नाजूक असतो, १० मिनिटांनी काढा.

प्रश्न : ओटीजीत मफिन मधोमध ज्वालामुखीसारखे फुटतात. कापले तर आत लांबट बोगदे, आणि कधीकधी बुडाशी कच्चं. तापमान २३० ठेवतो, म्हणजे लवकर होतील असं वाटलं. (विजापूर रोड)

दोन चुका एकमेकींत मिसळल्या आहेत. बोगदे पडतात ते जास्त कालवल्यानं. मैदा ओला झाला की जितकं ढवळाल तितकी जाळी चिवट होते. वाफेला सगळीकडून सुटायला वाट मिळत नाही, मग ती एकाच रेषेत वर घुसते. कालवताना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गुठळ्या राहिल्या तरी हात थांबवा, त्या भाजताना विरतात. मिक्सर किंवा बीटर वापरत असाल तर तो बाजूला ठेवा.

फुटतात ते २३० अंशांमुळे. वरचा थर आधीच कडक होतो, आतलं मिश्रण उशिरा फुगतं आणि कवच फोडून बाहेर येतं. २०० पुरे. वरखाली दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्या खणात. ओटीजीचा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, भिंती आणि जाळी नव्हे. दिवा विझल्यावर आणखी ६-७ मिनिटं थांबून ट्रे आत सरका. ओव्हनमध्ये पंखा असेल तर १८०-१८५ ठेवा. एका बाजूचे मफिन कलतात किंवा जास्त लाल होतात, तिथं कॉइल जवळ आहे. १२ व्या मिनिटाला ट्रे फिरवा, त्याआधी दार उघडू नका.

संध्याकाळी व्होल्टेज कमी असेल तर १८ मिनिटांचे २४ होऊ शकतात. म्हणून घड्याळाबरोबर काडीही हवी. मधोमध खुपसलेली काडी एखाद-दुसरा ओलसर कण घेऊन आली तर झालं. पूर्ण कोरडी यायची वाट पाहिलीत तर मफिन गार झाल्यावर कोरडा ठणठणीत होतो.

वीज मध्येच गेली तर दार बंद ठेवा. १० मिनिटं होऊन गेली असतील, कडा बसल्या असतील, तर आतल्या उष्णतेवर आणखी १०-१२ मिनिटांत बरेचदा पूर्ण होतात. पहिल्या पाच मिनिटांत गेली तर मात्र ते बसतील. वीज आल्यावर भाजून घ्या, चव राहील, उंची येणार नाही.

प्रश्न : ओव्हन नाही. कुकरमध्ये किंवा इडलीपात्रात होतील का? (अक्कलकोट)

इडलीपात्रात वाफ असते, त्यात मक्याचा ढोकळा होईल. मफिनला कोरडी आच लागते. कुकर कोरडा तापवायचा सल्ला आम्ही देत नाही. ॲल्युमिनियमच्या कुकरचं बूड त्यात खराब होतं.

तुमच्या भागात घरोघरी पड्डूचा, म्हणजे अप्प्यांचा बिडाचा तवा असतो. मक्यासाठी त्याच्याइतकं चांगलं भांडं नाही. बीड जाड असतं, आच धरून ठेवतं आणि मक्याला खरपूस पापुद्रा देतं. तवा मंद आचेवर ५ मिनिटं तापवा. प्रत्येक खळग्यात पाव चमचा तेल. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र झालं की मिश्रण पाऊण भरा. झाकण ठेवून मंद आचेवर ४ ते ५ मिनिटं. कडा सुटून वर बारीक छिद्रं दिसली की काडीनं उलटा, मग झाकण न ठेवता ३ मिनिटं. आच मोठी केलीत तर बाहेरून काळे आणि आत पीठ.

मूळ प्रमाणात ३५ ते ४० अप्पे होतात, म्हणजे तीन-चार घाणे. तेवढ्या वेळात शेवटच्या घाण्याची फुगण्याची ताकद जाते. त्यामुळे भिजलेल्या मक्याचं ओलं मिश्रण आणि चाळलेलं कोरडं मिश्रण निम्मं-निम्मं करा आणि दुसरा निम्मा भाग दोन घाणे उतरल्यावरच कालवा.

जाड बुडाच्या कढईतही जमतं : तळाला बोटभर मीठ, त्यावर कडं, झाकून मध्यम आचेवर १२ मिनिटं तापवा, मग स्टीलच्या वाट्यांत मिश्रण ठेवून मंद आचेवर २५ ते २८ मिनिटं. वरची बाजू फिकट राहील, त्याला इलाज नाही. मीठ पुन्हा याच कामाला ठेवा, जेवणात वापरू नका.

प्रश्न : संध्याकाळी केलेले मफिन सकाळी डब्यात द्यायचे असतात. फ्रिजमध्ये ठेवूनही सकाळी कोरडे ठाक होतात. (सात रस्ता)

फ्रिजमुळेच होतात. शिजलेल्या स्टार्चमधलं पाणी गार तापमानाला लवकर सुटतं. फ्रिजमधला भात टणक होतो तसंच. मफिन पूर्ण गार झाल्यावर डब्यात घट्ट झाकून बाहेर ठेवा. कोमट असताना डब्यात घातले किंवा जाड टॉवेलात गुंडाळले तर घाम सुटून वरचा पापुद्रा चिकट होतो. साच्यातही ५ मिनिटांपेक्षा जास्त राहू देऊ नका (बिनअंड्याचे १०), बुडं ओली होतात. एप्रिल-मेमध्ये बाहेर एक रात्र, त्याहून जास्त नको. जास्त दिवस ठेवायचे तर फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात. काढून १६० अंशांवर ७-८ मिनिटं गरम करा.

आता मुळातच ओलावा टिकवायची युक्ती. भाकरीसाठी उकड काढतो ना, तसंच करायचं. मूळ प्रमाणातलं ३ मोठे चमचे मक्याचं पीठ १२० मिलिलिटर दुधात कालवा, मंद आचेवर ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांत ते पिठल्यासारखं दाट होईल आणि चमच्याची रेघ तळाला दिसू लागेल, तेव्हा उतरवा. मक्याचं स्टार्च ६५-७० अंशांच्या आसपास फुगून पाणी धरतं आणि ते पाणी भाजल्यावरही सहजी सोडत नाही. ही उकड कोमट झाली की उरलेलं पीठ भिजवलेल्या ताकात फेटून घ्या. ताक मात्र १५० मिलिलिटरच घ्या, नाहीतर मिश्रण पातळ होईल. एवढ्या एका पायरीनं दुसऱ्या दिवशीचा मफिन पहिल्या दिवसासारखा लागतो. डब्यासाठी करणाऱ्यांनी तर ही गाळूच नये.

प्रश्न : हा पदार्थ मूळचा कुठला? काही जण गोड म्हणतात, काही तिखट. खरा कोणता? (दयानंद महाविद्यालय परिसर)

अमेरिकेतला. मका मूळचा मेक्सिकोतला, आणि मक्याच्या भाकऱ्या-पाव करणं युरोपीय लोक अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांकडून शिकले. उत्तरेकडच्या राज्यांत गव्हाचं पीठ आणि साखर घालून गोडसर करतात. मॅसॅच्युसेट्सनं १९८६ साली मक्याच्या मफिनला राज्याचा अधिकृत मफिन ठरवलं. दक्षिणेत साखर नसलेला, ताकातला, बिडाच्या तव्यात भाजलेला मक्याचा पाव घरोघरी होतो. दोन्ही खरे. अप्प्यांच्या तव्यातला मफिन दक्षिणेच्या रीतीला जवळचा आहे.

प्रश्न : साखर कमी करून शेंगाचटणी घालता येईल का? आणि गूळ? (होटगी रोड)

शेंगाचटणी मक्याला फार शोभते. साखर १ मोठा चमचाच ठेवा, मीठ पाव छोटा चमचा, आणि कुटलेली, तेल सुटलेली सोलापुरी चटणी ४ मोठे चमचे. चटणीत तेल असतं म्हणून बटर ६० ग्रॅम घ्या. चटणी कालवताना शेवटी आत घाला, वरून भुरभुरवू नका. वरचा लसूण करपून कडू होतो. साखर कमी झाली की रंग फिका येतो, कारण लालसरपणा बराचसा तिच्यामुळेच येतो. शेवटची ३ मिनिटं ट्रे वरच्या खणात न्या.

गूळ ७५ ग्रॅम चिरून ६० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवा, गाळा (तळाशी कचरा बसतोच), पूर्ण गार करून ताकात घाला. ताक १८० मिलिलिटर. गरम घातलात तर ताक फाटेल. गुळाचा मफिन लवकर काळवंडतो, म्हणून १९० अंशांवर भाजा.

प्रश्न : आमच्याकडे ज्वारी मुबलक. मैद्याऐवजी ज्वारीचं पीठ घातलं तर मफिन विटेसारखे झाले. घरात एकाला गहू पूर्ण बंद आहे, काही मार्ग? (मंगळवेढा)

मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, चवीबद्दल वादच नाही. पण ज्वारीतही ग्लूटेन नाही, मक्यातही नाही. दोघांना एकत्र धरणारं कोणी उरलं नाही, म्हणून वीट झाली. गहू चालत असेल तर मैदा तसाच ठेवा आणि मक्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे ४५ ग्रॅम, ज्वारीचं पीठ घाला. मैद्याऐवजी कणीक घेतलीत तरी चालेल. २ मोठे चमचे ताक जास्त घ्या, मफिन थोडा दाट होईल.

गहू पूर्ण बंद असेल तर असं करा : मक्याचं बारीक पीठ २०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ५५ ग्रॅम (इथं ते उपयोगी आहे), इसबगोलाचा भुसा १ मोठा चमचा, अंडी ३, बाकी मूळ प्रमाणाप्रमाणे. मका आणि इसबगोल ताकात २५ मिनिटं भिजवा. इसबगोल बुळबुळीत होऊन मिश्रण धरून ठेवतो. जास्त ढवळण्याची इथं भीती नाही, कारण चिवट होणारं काही त्यात नाही. उलट, अंडी आधी चांगली फेसाळून घ्या.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. डॉक्टरांनी सिलिॲक आजारासाठी गहू बंद केला असेल, तर सार्वजनिक गिरणीतला मका वापरू नका. आधीच्या दळणातला गहू पाट्यांत राहतो आणि अशा रुग्णाला तेवढाही बाधतो. ग्लूटेनमुक्त लिहिलेलं पाकीटच घ्या किंवा घरच्या गिरणीत फक्त बिनगव्हाचं धान्य दळा. बेकिंग पावडरच्या डब्यावरचे घटकही वाचा.

प्रश्न : स्वीट कॉर्नचे दाणे घातले की तळाशी बसतात, भोवती ओलं राहतं. (शेळगी)

दाणे ३ मिनिटं उकडून निथळा आणि कापडावर १५ मिनिटं पसरा. पाऊण कप दाण्यांना १ मोठा चमचा मैदा चोळून शेवटी घाला. ताक २ मोठे चमचे कमी करा. मिश्रण पातळ असेल तर काहीही केलं तरी दाणे बसणारच.

प्रश्न : कागदी वाटीला निम्मा मफिन चिकटून येतो. (अशोक चौक)

गरम असताना सोलू नका, २० मिनिटं थांबा. तरी चिकटला तर वाटीला आतून तेलाचं बोट फिरवा. साखर-बटर फार कमी केलेल्या मफिनला कागद लावूच नये, साच्याला तेल आणि मक्याच्या पिठाचा हात लावावा.

प्रश्न : घरात बटर नसेल तर? वाटीचं माप चालेल का? (दक्षिण कसबा)

तूप किंवा शेंगदाण्याचं तेल ६० ग्रॅम घ्या. बटरमध्ये पाणीही असतं, म्हणून वजन सारखं धरू नका. घरातली वाटी १५० मिलिलिटरची असते, कधी १८० ची. सगळं एकाच वाटीनं मोजलं तरी अंडी आणि चमचे त्या हिशोबात बसत नाहीत. काटा घेणं जमत नसेल तर औषधाच्या मापानं एकदा पाणी ओतून आपली वाटी किती मिलिलिटरची ते पाहून ठेवा.

प्रश्न : गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत घरी पाहुणे असतात. ४८ मफिन करायचे आहेत, ओटीजीत एका वेळी १२ मावतात. चौपट मिश्रण केलं तर पहिला ट्रे फुगला, चौथा सपाट. (साखर पेठ)

अप्प्यांच्या उत्तरात सांगितलं तेच कारण : कालवल्यापासून सोडा-पावडरचं काम सुरू होतं आणि चौथा ट्रे तासाभरानं आत जातो. चौपट भिजवा, पण चौपट कालवू नका. आदल्या रात्री ५२० ग्रॅम मका ९६० मिलिलिटर ताकात भिजवून फ्रिजमध्ये ठेवा. मैदा, पावडर, सोडा, मीठ यांच्या चार वेगळ्या पुड्या बांधा. सकाळी भिजवलेल्यात अंडी, साखर, बटर फेटून त्याचं वजन करा आणि चार सारखे भाग करा. जानेवारीत स्वयंपाकघर गार असतं. बटर थिजू नये म्हणून पातेलं कोमट पाण्याच्या परातीत ठेवा. एक ट्रे आत गेला की साचे तयार करा, आणि तो बाहेर यायला ३ मिनिटं राहिली की पुढची पुडी कालवा. दोन ट्रेंच्या मध्ये दार बंद करून ओव्हन ५ मिनिटं पुन्हा तापू द्या. एकाच ट्रेवर भागवत असाल तर तो नळाखाली न धरता आधी आपोआप गार होऊ द्या, मगच पुसून तेल लावा. तापलेल्या साच्यात मिश्रण ओतलंत तर कडा आधीच शिजून बसतात आणि मफिन वर चढत नाही.